जमा असलेले रिव्हॉल्वर

पोलीस खात्यात बावीस वर्षे काढल्यावर पुनाजी कुमरे याच्या कमरेला पहिल्यांदा रिव्हॉल्वर आले. तोवर लाठी होती. कैदी पोहोचवायचा असला किंवा खजिन्यावर पहारा असला की मस्केट बंदूक मिळे, आणि काम संपले की ती परत द्यावी लागे. १९५४ च्या उन्हाळ्यात तो जमादाराचा सबइन्स्पेक्टर झाला आणि आर्वी तालुक्यातल्या एका ठाण्यावर दुय्यम अधिकारी म्हणून गेला. कारंज्याकडच्या जंगलपट्टीतल्या त्याच्या गावात सरकारी पगार खाणारा तो पहिलाच माणूस होता. चौथी पास होऊन तो शिपाई झाला तेव्हा गावच्या गोंडांनी त्याला निरोप दिला होता तो जवळजवळ मेलेल्या माणसाला देतात तसा.

सबइन्स्पेक्टर होण्याआधीची नऊ वर्षे त्याने हेड मोहरीर म्हणून काढली होती. मोहरीर म्हणजे ठाण्याचा लिहिणारा. ठाण्यातून कोण बाहेर गेले याची रवानगी आणि कोण परत आले याची आमद तो रोजनामच्यात लिहितो. हत्यारे आणि जप्त माल ठेवतात त्या मालखान्याची किल्लीही त्याच्याकडेच असते. हत्याराचा नियम पुनाजीला त्यामुळे तोंडपाठ होता. कामगिरीवर निघालेला अधिकारी हत्यार बरोबर नेईल, त्याची रवानगी लिहिली जाईल, आणि वाटेत मुक्काम पडला तर ते जवळच्या ठाण्यात ठेवील. रजेवर निघालेल्या अधिकाऱ्याने हत्यार व काडतुसे मालखान्यात जमा करायची, मोहरिराने ती डोळ्यांनी पाहायची, मोजायची आणि मगच लिहायचे. रजेच्या प्रवासात सरकारी हत्यार जवळ बाळगायचे नाही. तशी गरज वाटली तर पोलीस कप्तानांची लेखी परवानगी घ्यायची.

हा नियम पुनाजी लोकांना ऐकवीत असे. सेलूच्या बाजूला असताना एक तरुण सबइन्स्पेक्टर बहिणीच्या लग्नाला निघाला होता आणि कमरेचा पट्टा काढायला तयार नव्हता. पुनाजीने त्याच्यापुढे रोजनामचा ठेवला आणि म्हणाला, "साहेब, लग्नात वऱ्हाडी जातेत. याचं नाव पत्रिकेत दिसून नाई राह्यलं." साहेबाने पट्टा काढून दिला. ही गोष्ट पुढे दोन-तीन ठाण्यांत सांगितली जात होती.

कुमऱ्यांच्या घरी दसऱ्याला घरातले सगळे लोखंड पाटावर मांडतात. कुऱ्हाड, विळे, नांगराचा फाळ, बापाच्या वेळची बाणांची दोन लोखंडी टोके. ज्याच्या ज्या हत्यारावर पोट, ते त्याने आणून ठेवायचे. ते नसेल तर त्याची जागा रिकामी राहते, आणि रिकामी जागा घरात चांगली समजत नाहीत. बावीस वर्षे पुनाजी दसऱ्याला लाठी घेऊन घरी जात होता. लाठीसुद्धा सरकारी होती, पण लाठीबद्दल कोणी काही विचारत नसे.

त्या वर्षी पोळ्याला तो घरी गेला तेव्हा त्याची आई जिजा म्हणाली, "या बारीनं ते नवं आणजो."

"ते आणता येत नाई, याया. ठाण्यात त्याची पूजा होते. नवमीले सगळ्या हत्यारांले हळदकुंकू लावतो मी स्वतः."

"ते तुह्या सरकारची पूजा."

"सरकारचंच हाय ते."

"मंग पोटही सरकारचंच भरते का? माह्या पाटावर काय ठेवू, तुही टोपी?"

तो हसला आणि विषय तिथेच राहिला. आईचे वय सत्तरीच्या पुढे होते. तिला दिसायला कमी आले होते. पुढच्या दीड महिन्यात तिने तीन वेळा, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर, तोच निरोप धाडला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी पुनाजीची तीन दिवसांची रजा सुरू झाली. ठाण्यात गडबड होती. ठाणेदार मिरवणुकीच्या बंदोबस्ताला गेले होते. नव्या हेड मोहरिराचे नाव नत्थू. पुनाजीच्या हाताखालीच तो रोजनामचा लिहायला शिकला होता आणि त्याला दादा म्हणत असे. नत्थू शिपायांच्या नेमणुकांची यादी करीत होता. पुनाजीने हात पुढे केला. "किल्ली दे. मीच ठेवतो पेटीत." नत्थूने मान वर न करता किल्ली दिली. पुनाजी मालखान्यात गेला, पेटी उघडली, बंद केली, किल्ली परत आणून दिली. नत्थूने लिहिले: सबइन्स्पेक्टर कुमरे रजेवर रवाना, एक रिव्हॉल्वर व सहा काडतुसे जमा.

रिव्हॉल्वर पुनाजीच्या कापडी पिशवीत, धोतराच्या घडीत होते.

घरी पूजा झाली. आईने हाताने चाचपून पाहिले आणि म्हणाली, "एवढंसंच?" मग त्यावर कुंकू लावले, तांदूळ वाहिले. चामड्याच्या म्यानाच्या शिवणीत कुंकू गेले. ते नंतर निघेना.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आर्वीकडे जाणाऱ्या मोटारीत बसला. अंगात साधा सदरा आणि धोतर होते. मोटारीत पंधरा-सोळा माणसे होती. त्याच्या पुढच्या बाकावर एक नवराबायको होते. नवरा तानबा, जंगल खात्याचा चौकीदार. बायको भागीरथा. तानबाने पावसाळ्याआधी दोन भावांविरुद्ध सागाच्या चोरीच्या खटल्यात साक्ष दिली होती आणि त्या दोघांना दंड झाला होता. हे पुनाजीला तेव्हा ठाऊक नव्हते. ते त्याला त्याच संध्याकाळी, स्वतःच्या हाताने लिहिताना कळले.

एका खड्ड्यात मोटार आदळली आणि पुनाजीची पिशवी घसरून भागीरथाच्या पायाशी गेली. तिने ती उचलली. धोतराची घडी सुटली होती. मूठ आणि अर्धे म्यान तिला दिसले. तिने ते पाहिले, पुनाजीकडे पाहिले, आणि पिशवी मागे देत हळूच म्हणाली, "भाऊ, दसऱ्याले लोक सोनं वाटतेत. तुम्ही लोखंड घेऊन चालले?"

"खेळणं हाय. पोरासाठी."

"खेळण्याले कुंकू?"

पुनाजीने धोतराची घडी सारखी केली. ती हसून पुढे वळली. नवऱ्याला तिने काही सांगितले नाही.

पुढे नाल्याजवळ इंजिनात पाणी घालायला मोटार थांबली. लोक उतरले. कोणी पाणी प्यायला, कोणी आडोशाला गेले. तानबाही नाल्याकडे गेला. भागीरथा बसून राहिली, कारण तिच्या पायाला लचक होती. पुनाजी बसून राहिला पिशवीमुळे.

सागाची चोरी केलेले ते दोघे भाऊ पळसाच्या झुडपांतून आले. एकाच्या हातात कुऱ्हाड, दुसऱ्याच्या हातात काठी. काठी तानबाच्या डोक्यावर बसली आणि तो खाली पडला. मग ते त्याला मारीत राहिले. मोटारीच्या त्या बाजूच्या खिडकीतून हे सरळ दिसत होते, चाळीस पावलांवर. भागीरथा उठली. दाराकडे लंगडत जाता जाता ती थांबली आणि मागे वळली.

"भाऊ, तुमच्याजवळ हाय ना ते. काढा ना."

"ते खेळणं हाय, बाई," पुनाजी म्हणाला.

ती उतरून ओरडत नाल्याकडे गेली.

पुनाजी भित्रा माणूस नव्हता, हे इथे नोंदवले पाहिजे. एका जत्रेत नुसत्या लाठीने त्याने तलवारवाल्याला अडवले होते. खांद्यावर त्याची खूण होती. त्या दिवशी पिशवीत काही नसते तर तो खाली उतरला असता याबद्दल त्याला ओळखणाऱ्या कोणाला शंका नाही, आणि त्याला स्वतःलाही नव्हती. उठला नाही तो रिव्हॉल्वर होते म्हणून. उतरलो तर ओळख सांगावी लागेल, झटापट होईल, पंचनामा होईल, कोणीतरी विचारील की रजेवरच्या माणसाजवळ हे कसे, आणि रोजनामच्यात तर ते पेटीत आहे. हे सगळे त्याच्या मनात नीट क्रमाने आले, जसे एखाद्या मोहरिराच्या मनात येते. पिशवी मांडीवर घेऊन तो बसून राहिला.

भावांनी शेवटी तानबाचा उजवा हात एका दगडावर धरून कुऱ्हाडीच्या तुंब्याने, पात्याच्या बोथट मागच्या बाजूने, ठेचला, आणि ते निघून गेले. लोकांनी तानबाला उचलून मोटारीत आणले. हात बांधायला पुनाजीने आपला पंचा दिला. पुढच्या फाट्यावर तो उतरला आणि शेतांतून चालत ठाण्यावर गेला. मोटार आर्वीच्या दवाखान्याकडे गेली.

ठाण्यात आल्यावर त्याने रजा एक दिवस आधी संपवल्याची आमद लिहवली, किल्ली मागून घेतली, पेटी उघडली, बंद केली. कपडे बदलले. नत्थूने रिव्हॉल्वर परत दिल्याचे लिहिले.

दिवस मावळायच्या आत भागीरथा आली. नवऱ्याला दवाखान्यात ठेवून ती एका बैलगाडीतून परत आली होती. ठाणेदार अजून बाहेर होते. फिर्याद घ्यायला पुनाजीच होता, टोपी घालून, टेबलाच्या मागे. त्याला पाहून ती दारातच थांबली. मग समोर येऊन बसली आणि सगळे सांगितले. मारणाऱ्यांची नावे, साक्षीचे वैर, जागा, वेळ. तिचा आवाज कुठे चढला नाही. पुनाजी लिहीत होता.

"आन मोटारीत एक जण होता," ती म्हणाली. "त्याच्यापाशी बंदूक होती, लहान. मी त्याले म्हटलं काढा. तो उठला नाई. लिहा."

"नाव काय त्याचं?"

"मले काऊन इचारता? तुम्हाले मालूम नाई का?"

बाजूला नत्थू शाई भरीत होता. पुनाजी खाली पाहून म्हणाला, "त्याचा गुन्ह्याशी संबंध नाई, बाई. मारणाऱ्यांची नावं आली. तेवढं पुरते."

कायद्याप्रमाणे त्याने फिर्याद वाचून दाखवली. वाचून संपल्यावर भागीरथा म्हणाली, "एक गोष्ट राह्यली," आणि अंगठा पुढे केला. तिला मारणारे पकडून हवे होते आणि फिर्याद घ्यायला दुसरा अधिकारी नव्हता.

त्यानंतरचे सहा महिने पुनाजीने या गुन्ह्याचा तपास जसा केला तसा त्या ठाण्यात कुणी कुठल्या गुन्ह्याचा केला नसेल. नवव्या दिवशी दोघे भाऊ पकडले. कुऱ्हाड मिळाली. मोटारीतल्या पंधरांपैकी अकरा उतारू त्याने गावोगाव फिरून शोधून काढले. मोटारीचा नकाशा काढला, त्यात कोण कुठे बसले होते ते दाखवले. भागीरथाच्या मागचा बाक मात्र त्याने रिकामा काढला. नकाशा इतका चांगला होता की कप्तान साहेबांनी शेरा मारून त्याचे कौतुक केले. तो शेरा त्याने कोणाला दाखवला नाही. आर्वीला काम निघाले की तो दवाखान्यापर्यंत जाई, कंपाउंडरला तानबाच्या हाताबद्दल विचारी आणि आत न जाता परत येई. हाड जुळले, पण बोटे मिटत नव्हती. जंगल खात्याने नवा चौकीदार घेतला.

अकराही उतारू म्हणाले की आम्ही पलीकडच्या बाजूला होतो, मारणाऱ्यांच्या पाठी तेवढ्या दिसल्या. ड्रायव्हरचे डोके इंजिनात होते. तानबाला डोक्यावरच्या पहिल्या फटक्यानंतरचे काही आठवत नव्हते, आणि आधीचेही मोटारीत बसल्यापर्यंतचेच आठवे. दोघांचे तोंड पाहिलेली साक्षीदार एकच उरली. भागीरथा.

एप्रिलमध्ये वर्ध्याच्या कोर्टात तिची साक्ष झाली. तिने जे फिर्यादीत सांगितले तेच सांगितले, आणि बंदूकवाल्या माणसाचेही सांगितले. आरोपींचे वकील याचीच वाट पाहत असल्यासारखे उठले.

"हा माणूस तुमच्या फिर्यादीत का नाही?"

"मी सांगतलं होतं."

"फिर्याद तुम्हाला वाचून दाखवली होती?"

"दाखवली."

"अंगठा तुमचाच?"

"माहाच."

"मग तेव्हा खोटं की आता?"

तिने त्या माणसाचे नाव घेतले नाही. तिने कोर्टात बसलेल्या पुनाजीकडे पाहिले नाही. वकिलांनी न्यायाधीशांना सांगितले की ही बाई गोष्ट वाढवून सांगते. एक माणूस कल्पनेतून आणला, तर दोन का आणणार नाही? जुने वैर आहेच. सरकारी वकील बंडोपंत संध्याकाळी कागद आवरताना पुनाजीला म्हणाले, "उद्या तुमची साक्ष. त्या बंदुकीचं तिनं तुम्हाला सांगितलं नव्हतं, असं म्हणाल तर बाई खोटी पडते. सांगितलं होतं म्हणाल तर तुम्ही खोटे पडता. मला तर काही मार्ग दिसत नाही."

जप्त केलेली कुऱ्हाड घेऊन नत्थूही वर्ध्याला आला होता. कोर्टासमोरच्या चहाच्या हॉटेलात पुनाजीने त्याला सगळे सांगितले. किल्लीपासून.

नत्थूने आपला कप बाजूला सारला. "म्हणजे मी जे लिहिलं ते खोटं होतं. दोन्ही वेळा."

"होय."

"तुम्हीच तर शिकवलं होतं, दादा. डोळ्यानं पाह्यल्याबिगर लिहायचं नाई. त्या साहेबाची गोष्ट मी किती जणांले सांगतली." तो थांबला. "मले इचारून राह्यले का सांगून राह्यले?"

"सांगून राह्यलो."

"मंग चहा पिऊन घ्या. थंडा होऊन राह्यला."

त्यानंतर नत्थूने पुनाजीला दादा म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांचे प्रश्न संपले आणि आरोपींच्या वकिलांनी विचारले, "बंदूक बाळगणाऱ्या कोणा माणसाबद्दल या बाईने तुम्हाला सांगितले होते का?"

"सांगितले होते. मी लिहिले नाही."

"का?"

"तो माणूस मी होतो."

साक्ष लिहून घेणाऱ्या न्यायाधीशांनी टाक दौतीत ठेवला आणि सावकाश बोलायला सांगितले. पुनाजीने सावकाश सांगितले. रजा, किल्ली, पेटी, मोटार, बाक. आरोपींची तोंडे त्याने पाहिली होती का? पाहिली होती. चाळीस पावलांवरून, स्वच्छ उजेडात. वकिलांनी विचारले की हातात हत्यार असून तुम्ही उठला नाहीत, हे कोण खरे मानील? पुनाजी म्हणाला की हत्यार होते म्हणूनच उठलो नाही. ते वापरायची गरजही नव्हती, नुसते उठले असते तरी चालले असते, हे त्याने कोणी न विचारता सांगितले.

निकालात न्यायाधीशांनी त्याच्यावर एक परिच्छेद लिहिला. स्वतः केलेली लबाडी सहा महिने लपवणाऱ्या अधिकाऱ्याच्या शब्दावर कोणाला शिक्षा देता येणार नाही, असे त्यात होते. पण त्याच्या कबुलीने भागीरथाची साक्ष खरी ठरते, असेही होते. दोघा भावांना तीन-तीन वर्षे झाली. पुनाजीला खात्याने परत जमादार केले. नत्थूची बढती थांबली.

निकालानंतर दोन आठवड्यांनी पुनाजी तानबाच्या गावी गेला. साध्या कपड्यांत, रिकाम्या हातांनी. तानबा अंगणात बसून डाव्या हाताने अंबाडीचा दोर वळण्याचा प्रयत्न करीत होता. दोराचे टोक त्याने पायाच्या बोटांत धरले होते. भागीरथा चुलीजवळ होती. तिने पुनाजीला ओळखले. तानबाने ओळखले नाही. त्याने रितीप्रमाणे बसायला सांगितले, पाणी मागवले.

"कोठून आले, भाऊ? पाहुणे कोणाचे?"

पुनाजीने भागीरथाकडे पाहिले.

"मले काय पाहता," ती म्हणाली. "तिथं सांगतलं ना सगळ्याईले? इथंही सांगा. त्याले काही आठवत नाई. कोणी तरी सांगाले पाह्यजे."

पुनाजीने सांगितले. कोर्टात सांगितले त्याच क्रमाने, पण इथे कोणी प्रश्न विचारीत नव्हते, त्यामुळे मध्ये थांबायला जागा नव्हती. तानबा ऐकत होता. दोर त्याने पायातून सोडला होता. आपल्याला काय झाले हे तो बायकोकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकून होता. पण ती तर लंगडत, ओरडत येत होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला माणूस त्याला पहिल्यांदा भेटत होता.

"किती वेळ चाललं ते?" त्याने विचारले.

"चार मिनिटं. पाच असतील."

तानबाने दोराचे टोक पुन्हा पायाच्या बोटांत धरले. त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादे माप तपासून पाहावे तसा तो बोलला.

"तेवढ्यात उठता आलं असतं."

"आलं असतं," पुनाजी म्हणाला.